आधी पाणी बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली, सोबतचा तक्ताही पाहिला. डावीकडे शिकागो, उजवीकडे फिनिक्स. पगार, भाडं, टॅक्स, खून, थंडी, देशी किराणा, विमानतळ; प्रत्येकाला दहापैकी गुण. आणि खाली तुझा प्रश्न: 'काका, शिकागोला भविष्य आहे का? घर घेण्याइतका भरवसा ठेवावा का?' तक्ता देखणा झालाय, रंगही छान भरलेत. पाण्याचा रकाना मात्र त्यात नाही. लातूरची पोर तू, एवढी शिकलीसवरलीस, आणि दोन शहरांची तुलना करताना पाणीच विसरलीस?

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला पाजावं लागलं, तेव्हा तू शाळेत होतीस. तुझे बाबा फोनवर हवापाण्याऐवजी टँकरची तारीख सांगायचे. आपल्याकडे पोरगी द्यायची तर आधी विचारायचे, गावाला पाणी कसंय. जमीन किती, हे त्यानंतर. व्हिसाचा शिक्का बसला की ही अक्कल मुंबईच्या विमानतळावरच राहून जाते, कारण अमेरिकेत कुठेही नळ सोडला की पाणी येतं. फिनिक्सलाही येतं. ते येतंय कुठून, हे बघ.

फिनिक्सचं बरंचसं पाणी कोलोरॅडो नदीचं. साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर लांबीच्या कालव्यातून, पंपांनी चढवत, वाळवंटातून आणलेलं. या नदीवर सात राज्यांचा आणि मेक्सिकोचा हक्क. १९२२ साली राज्यांनी वाटणी केली तेव्हाची वर्षं नेमकी भरपूर पाण्याची होती, त्यामुळे नदीत असतं त्याहून जास्त पाणी कागदावर वाटलं गेलं. त्यांची साल्ट आणि व्हर्डे नद्यांवरची धरणं आहेत, १९८०चा भूजल कायदा आहे, नवी वसाहत करायची तर शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. आपल्याकडे असा कायदा असता तर अर्धं पुणं बांधूनच झालं नसतं. म्हणजे ती माणसं बिनडोक नाहीत. पण २०२३च्या जूनमध्ये त्यांच्याच राज्य सरकारने सांगितलं की फिनिक्स परिसरात निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना आता हमी मिळणार नाही. त्याच उन्हाळ्यात सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर पोचला, आपल्या हिशेबात ४३ अंश. फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत त्या वर्षी उष्णतेने सहाशेच्या वर माणसं गेली. तुझ्या तक्त्यात 'हवामान' या रकान्यात फिनिक्सला आठ आणि शिकागोला तीन गुण आहेत. का, तर बर्फ नाही म्हणून!

आता शिकागो. इथलं पाणी मिशिगन तळ्याचं. निरभ्र दिवशी किनाऱ्यावर उभी राहिलीस की दोनेक मैल आत पाण्यावर विटांची गोल घरं दिसतील. पाणी आत घेण्याच्या त्या जागा, क्रिब म्हणतात त्यांना. पर्यटक दीपगृह समजून फोटो काढतात. तिथून तळाखालच्या बोगद्यांनी पाणी येतं, शुद्ध होतं आणि शहरासकट शंभरावर उपनगरांतली पन्नास लाखांहून जास्त माणसं ते पितात. हे पाणी राखायला या गावाने काय काय केलंय बघ. गटार नदीत, नदी तळ्यात आणि पिण्याचं पाणीही तळ्यातलंच. पटकी नि टायफॉइडने माणसं मरायची. तेव्हा त्यांनी कालवा खणून १९०० साली नदीच उलटी फिरवली. खालच्या अंगाच्या सेंट लुईसची घाण नको म्हणून मिझुरी राज्य सुप्रीम कोर्टात गेलं आणि हरलं. शेजाऱ्याच्या दारात घाण ढकलून मोठं झालेलं शहर आहे हे, ते मी झाकत नाही. पण पाण्याच्या बाबतीत ढिलाई करणारं नाही.

आणि हे तळं कुणी वाट्टेल तितकं उपसू शकत नाही. १९६७च्या सुप्रीम कोर्टाच्या हुकमाने इलिनॉयला, म्हणजे शिकागोच्या राज्याला, सेकंदाला ३,२०० घनफुटांची मर्यादा आहे. २००८पासून भोवतालच्या राज्यांचा करार कायद्यात आला; खोऱ्याबाहेर पाणी न्यायचं तर जवळजवळ दार बंद. फिनिक्सच्या ॲरिझोना राज्याने कितीही पैसे टाकले तरी इथून पाइप जाणार नाही. तीसचाळीस मैलांवरच्या जोलिएटच्या विहिरी आटत चालल्या म्हणून त्या गावाने शिकागोशी करार केलाय, २०३०च्या सुमारास तळ्याचं पाणी सुरू करण्यासाठी. भविष्य विचारतेस ना? हे बघ भविष्य: शेजारी भांडं घेऊन दारात उभा आहे.

यावर तू ते व्हिडिओ पुढे करशील, 'शिकागो संपलं' म्हणणारे. पाहिलेत मी. त्यातलं काही खरं आहे, ते सांगतो. शहराच्या चार पेन्शन फंडांत मिळून अब्जावधी डॉलरची तूट आहे, द्यायच्या रकमेच्या जेमतेम पाव हिश्शाएवढाच पैसा जमा. पेन्शन कमी करायची सोय नाही, कारण इलिनॉय राज्याच्या १९७०च्या घटनेत तसं लिहून ठेवलंय. पेन्शन कापायचे दोन प्रयत्न झाले, ते कोर्टाने २०१५ आणि २०१६ साली रद्द केले. पैशाची तंगी आली की हे शहर घरातली भांडी विकतं. २००८ साली रस्त्यावरचे पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी १.१५ अब्ज डॉलरला देऊन टाकले. पुढच्याच वर्षी शहराच्याच इन्स्पेक्टर जनरलने सांगितलं की जवळजवळ अब्ज डॉलर कमी घेतलेत. तुझी नातवंडं गाडी लावतील तेव्हाही ते पैसे शहराला मिळतीलच असं नाही. तू घर घेतलंस की हे सगळं प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातून तुझ्या डोक्यावर येणार. दर तीन वर्षांनी फेरमूल्यांकन होतं. अपील करायचं, हा इथला घरगुती सण आहे. आमच्या घरी काकू फाइल घेऊन बसतात, मी चहा करतो.

गुन्हेगारीचं एकच सांगतो, त्यावर जास्त बोलायचा मला कंटाळा आहे. २०२१ साली आठशेच्या आसपास खून झाले, २०२४ साली सहाशेच्या आत आले. आणि ते शहरभर सारखे पसरलेले नसतात. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या काही वस्त्या हा सगळा भार वाहतात, तुझ्या ऑफिसपासून मेट्रा या लोकल गाडीने अर्ध्या तासावर. 'सेफ एरिया' विचारशील तेव्हा हे लक्षात असू दे.

मी इथे का राहिलो, हेही विचारलं आहेस. तुझ्या बाबांनी विचारायला सांगितलं असणार. आमच्या पिढीची मराठी माणसं पोरं शाळेत जायच्या वयाची झाली की नेपरव्हिल नि शॉमबर्गला गेली. चांगल्या शाळा, दोन गाड्यांची गॅरेजेस. मी वायव्य बाजूला विटांचा टू-फ्लॅट घेतला. खाली आम्ही, वर भाडेकरू. मंडळाच्या गणपतीत मला 'शहरवाले' म्हणून हसायचे. मी म्हणायचो, तुमच्याकडे विहिरींचं पाणी आहे. नेपरव्हिलला तळ्याचं पाणी आलं १९९२ साली, तेही शिकागोकडून विकत घेऊन. त्या वर्षी गणपतीत मी हे सगळ्यांना ऐकवलं. काकूंच्या मते प्रत्येकाला दोनदा.

पुढे कंपनीने ह्यूस्टनला बढती देऊ केली. पगार दीडपट, घर मोठं, राज्याचा इन्कम टॅक्स नाही. मी गेलो नाही. माझ्या हाताखालचा मुलगा गेला आणि निवृत्त होताना तो माझ्या साहेबाचा साहेब होता. त्याचं मला काही वाटत नाही असं मी वीस वर्षं म्हणत आलोय. २०१७ साली हार्वी वादळात ह्यूस्टन बुडालेलं टीव्हीवर पाहिलं, तेव्हा काकूंना म्हटलं, बघ. त्या म्हणाल्या, 'माणसं छपरावर अडकलीयेत आणि तुम्हाला तुमचं खरं झाल्याचा आनंद होतोय.' गप्प बसलो. पण मुद्दा सोडला नाही, आजही सोडत नाही: पाणी बघ म्हणजे जास्तीचंही बघ. शिकागोत पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच गटारातून जातं. मोठा पाऊस झाला की ते बेसमेंटमध्ये उलटं वर येतं. त्यासाठी १९७५ पासून जमिनीखाली बोगदे खणतायत. १०९ मैलांचे बोगदे झाले, शेवटचा साठवण तलाव अजून व्हायचाय. पन्नास वर्षं एकच काम नेटाने करणारं शहर संपलं म्हणणाऱ्या पोरांचं वय काय, ते व्हिडिओखाली बघ.

डेट्रॉइटचं नाव तू घेणारच, म्हणून आधीच सांगतो. तिथेही तळ्यांचंच पाणी, आणि तरी १९५०च्या साडेअठरा लाख माणसांवरून २०२० साली साडेसहा लाखांच्या आत आले, मध्ये २०१३ साली दिवाळं निघालं. पुढच्या वर्षी बिल थकलं म्हणून हजारो घरांचं पाणी तोडलं, एवढ्या तळ्यांच्या शेजारी! म्हणजे माझं तत्त्व खोटं? नाही गं. नळाचा खर्च माणसांवर वाटला जातो. माणसं गेली तरी पाइप तेवढेच राहतात. मागे राहिलेल्यांनी भरायचं. म्हणून पाणी बघताना ते भरणारी माणसं किती, तेही बघ. शिकागोत १९५० साली ३६ लाख २० हजार होते, २०१० साली २६ लाख ९५ हजार, २०२० साली ५० हजारांनी वाढून २७ लाख ४६ हजार. पण त्यातही एक दुखणं आहे: १९८० साली जवळजवळ १२ लाख कृष्णवर्णीय होते, २०२० साली आठ लाखांहून कमी. २०१३ साली जवळपास ५० शाळा एका फटक्यात बंद केल्या, बहुतेक त्यांच्याच वस्त्यांतल्या. शाळा गेली की बिल भरणारंही घर जातं. तुला हे बाहेरच्यांचं वाटत असेल तर वाटू देऊ नकोस, तुझं पाणीपट्टीचं बिल तिथे ठरतं.

काकू म्हणतात मी सगळं ओढूनताणून पाण्यावर आणतो. आणतो.

तू आलीस तर घर कसं बघायचं, ते सांगतो. स्वयंपाकघर, फरशी, उजेड हे नंतर. आधी बेसमेंट. रस्त्याकडच्या भिंतीतून पाण्याचा पाइप आत येतो तिथे मीटरच्या आधी टॉर्च मार. राखाडी, मऊसर, भिंतीजवळ फुगीर गाठ असलेला पाइप असेल तर किल्लीने हलकंच खरवड. चांदीसारखी चकाकी आली आणि चुंबक चिकटलं नाही, तर ते शिसं. तांब्याचा लालसर असतो, लोखंडाला चुंबक धरतं. या शहरात असे शिशाचे सुमारे चार लाख नळजोड आहेत, अमेरिकेत सर्वांत जास्त. कारण १९८६ साली बंदी येईपर्यंत शहराचा नियमच होता की शिशाचाच घाला. जगातलं उत्तम पाणी शेवटच्या तीस फुटांत नासवणारं गाव, हेही माझंच गाव. बदलायला दशकं लागणार आहेत. तोवर गाळणी लावायची, 'एनएसएफ ५३' हा प्रमाणपत्राचा शिक्का असलेली, आणि लहान मूल असेल तर उकळून भागत नाही, उकळल्याने शिसं जात नाही. मग जमिनीतल्या गटाराच्या जाळीभोवती भिंतीवर पाण्याची रेघ आहे का बघ. नवा रंग फक्त खालच्या दोन फुटांत दिला असेल तर मालकाला सरळ विचार, पाणी कधी भरलं होतं.

फिनिक्सला जायचं ठरलं तर माझी हरकत नाही, मी काही तुझा बाप नाही. मात्र घर शहराच्या हद्दीत आहे की हद्दीबाहेरच्या नव्या वसाहतीत, आणि तिथे पाणी कोण कुठून देतं, हे लेखी मागून घे. एजंट हसेल. हसू दे.

ऑफरचं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय म्हणतेस. शिकागो ठरलं तर गुरुवारी रात्रीपर्यंत कळव. आमचा वरचा मजला एक मेपासून रिकामा होतोय. पाइप मी केव्हाच बदललाय.

तुझा,
काका

ता. क. थंडीचा कोट पुण्यातून घेऊन येऊ नकोस. इथल्या जानेवारीत त्याचा काही उपयोग नाही. २०१९ला उणे तीस झालं होतं. काकू घेऊन जातील दुकानात.