बॅकअप यशस्वी, मग फाइल कुठे गेली?

वाचकांचे प्रश्न : या महिन्याचा विषय, डेटा बॅकअप आणि डिझास्टर रिकव्हरी (डीआर), म्हणजे आपत्तीनंतर कामकाज परत उभं करणं

प्रश्न : आमची सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, मी आयटी बघतो. नेटबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरचा रिपोर्ट रोज सकाळी मेलवर येतो. यशाचं प्रमाण क्वचितच ९८ टक्क्यांच्या खाली जातं. मागच्या महिन्यात अकाउंट्सने फाइल सर्व्हरवरची एक एक्सेल परत मागितली आणि ती कुठल्याच बॅकअपमध्ये सापडली नाही. त्या सर्व्हरचे सगळे जॉब (बॅकअपची ठरलेली कामं) यशस्वी दिसत होते. सपोर्टवाले म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही. मग दोष कशात?
— एक वाचक, चाकण

उत्तर : सपोर्टवाले बरोबर सांगत असतील आणि तुमची फाइलही खरोखरच गेलेली असेल. नेटबॅकअपचा जॉब संपला की त्याला एक स्टेटस कोड मिळतो. ० म्हणजे पूर्ण यशस्वी. १ म्हणजे अंशतः यशस्वी : जॉब संपला, पण काही फाइली उचलता आल्या नाहीत. बऱ्याच ठिकाणी रिपोर्ट काढताना ० आणि १ एकत्र धरून यशाचा आकडा काढतात, कारण १ वेगळा दाखवला तर टक्केवारी घसरते आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये खुलासे द्यावे लागतात. या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. वरिष्ठांनी कितीही आग्रह धरला तरी १ ची यादी वेगळीच गेली पाहिजे.

आज एवढं करा. अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये त्या सर्व्हरचा एक जुना जॉब उघडा आणि तपशिलाच्या टॅबमधल्या ओळी शेवटपर्यंत वाचा. ‘फाइल उघडता आली नाही’, ‘फाइल वापरात आहे’ अशा सूचना तिथेच असतात. अकाउंट्समध्ये संध्याकाळी एक्सेल उघडीच ठेवून स्क्रीन लॉक करून जायची सवय असते आणि बॅकअप रात्री लागतो. विंडोजचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाचं गोठवलेलं चित्र, नीट घेतला जात असेल तर उघडी फाइलही मिळते. तो बंद असेल किंवा फेल जात असेल, तर रोज नेमकी तीच फाइल सुटत राहते. जी फाइल सगळ्यात जास्त वापरात, तीच बॅकअपमध्ये नाही, असं होतं.

दुसरी शक्यता अशी की फाइल ज्या ड्राइव्हवर होती तो बॅकअपच्या पॉलिसीत, म्हणजे काय उचलायचं या यादीत, नाहीच. जागा कमी पडली म्हणून कुणीतरी ‘ई’ ड्राइव्ह जोडतो, सामायिक फोल्डर तिकडे हलवतो आणि पॉलिसीत मात्र ‘सी’ आणि ‘डी’ एवढेच लिहिलेले राहतात. जॉबला सांगितलेलं सगळं त्याने घेतलं, म्हणून कोड ०. तुमचा रिपोर्ट याबद्दल काहीच बोलणार नाही. निवडीत सगळे लोकल ड्राइव्ह घ्यायचा पर्याय ठेवा आणि नको ते वगळा. हवं ते एकेक नोंदवत बसलात की कधीतरी काहीतरी राहतंच.

तिसरी शक्यता रिटेन्शनची, म्हणजे बॅकअप किती दिवस ठेवायचा याची. रोजचा बॅकअप १४ दिवस ठेवायचा आणि रविवारचा फुल, म्हणजे संपूर्ण डेटाचा बॅकअप, तीन महिने, अशी मांडणी असेल, तर सोमवारी तयार होऊन गुरुवारी डिलीट झालेली फाइल एकाही फुलमध्ये नसते. १४ दिवस उलटले की तिचा मागमूस राहत नाही. हा दोष नव्हे, ठरवलेली गोष्ट आहे. पण अकाउंट्सला ती कुणी सांगितलेली नसते. सांगा. लेखी सांगा.

जॉब चालणं आणि डेटा परत मिळणं यांत किती अंतर पडू शकतं, हे गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने जगासमोर मांडलं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट झाली. बॅकअप शोधायला गेले तर क्लाउडमधली साठवणीची जागा (बकेट) रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा आणि त्याचा डम्प, म्हणजे प्रत, घेणारं टूल ९.२ चं, त्यामुळे डम्प दरवेळी फेल जात होता. फेल गेल्याचे मेलही निघत होते, पण त्यांना डीमार्क (मेल खऱ्या पत्त्यावरूनच आला हे पटवणारी व्यवस्था) लागू नसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. वाचले ते वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे. हे सगळं त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलं, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

तुमच्याकडे दर महिन्याला एक रिस्टोअर (बॅकअपमधून फाइल परत काढणं) करून बघा आणि कुठली फाइल काढायची ते आयटीने ठरवू नका. अकाउंट्समधल्या माणसाला विचारा, ‘गेल्या महिन्यातली कुठली फाइल गेली तर तुमचं काम अडेल?’ तीच काढा, त्यांच्याकडून उघडून घ्या, आतले आकडे बघून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी एका छोट्या नागरी सहकारी बँकेत अधिकारी आहे. आमची डीआर साइट दुसऱ्या शहरात आहे आणि डेटा सतत तिकडे रेप्लिकेट होतो, म्हणजे इथला प्रत्येक बदल तिकडेही उमटतो. आता सल्लागार टेप लायब्ररी (चुंबकीय टेपांवर बॅकअप घेणारं यंत्र) घ्या म्हणतो. संचालक विचारतात, दोन शहरांत डेटा असताना २०२५ नंतरच्या काळात टेप कशाला? मला उत्तर देता आलं नाही.
— एक वाचिका, सांगली

उत्तर : संचालकांचा प्रश्न रास्त आहे. आग, पूर, वीज, डिस्क जाणं, यांपासून रेप्लिकेशन तुम्हाला वाचवतं. चुकीच्या डिलीटपासून आणि रॅन्समवेअरपासून (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरपासून) वाचवत नाही, कारण बिघडलेला डेटाही ते तितक्याच तत्परतेने पलीकडे पोचवतं.

त्यांना मर्स्कची हकीकत सांगा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं मालवेअर या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरलं. कंपनीचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोण कर्मचारी, कुणाला कुठला अधिकार, हे सांभाळणारे सर्व्हर, जगभर पसरलेले आणि एकमेकांशी सतत जुळवून घेणारे. एक गेला तर दुसऱ्यावरून उभा करायचा, असा हिशोब. सगळेच एकदम जातील हे कुणी धरलंच नव्हतं, आणि गेले. उरला तो घानामधला एकच, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. तिथून ब्रिटनपर्यंत डेटा पाठवायला लाइन फार संथ. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एकजण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो लंडनला पोचला. पुढच्या १० दिवसांत मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. आपल्या न्हावा शेव्यात मर्स्क समूह चालवतो त्या टर्मिनलचं कामही तेव्हा विस्कळीत झालं होतं.

घानाचा सर्व्हर वीज गेल्याने तुटला. टेप आपण ठरवून तोडतो. लायब्ररीतून काढून कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत कुठलाही हॅकर पोचत नाही. एलटीओ-९ या प्रकारच्या एका टेपवर कॉम्प्रेशनशिवाय १८ टीबी (टेराबाइट) मावतात, म्हणजे तुमच्यासारख्या बँकेचा आठवड्याचा फुल मोजक्या टेपांत बसावा. टेप नकोच असेल तर ठरावीक मुदतीपर्यंत अॅडमिनलाही डिलीट करता येणार नाही असं अपरिवर्तनीय स्टोरेज घ्या. दोन्हींतलं एक मात्र हवंच.

मोठ्यांचंही चुकतं. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरी हलवताना आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांचं ‘जी-ड्राइव्ह’ जळालं. ८५८ टीबी. बाहेर बॅकअप नव्हता. एवढ्या आकाराचा बॅकअप घेणं जमत नाही, असं कारण दिलं गेलं. हे कारण मला पटत नाही. सगळं जमत नसेल तर निम्मं घ्या, सगळ्यात महत्त्वाचं तेवढं घ्या.

आता सल्लागाराने कदाचित सांगितल्या नसतील अशा तीन गोष्टी.

बॅकअप सर्व्हर बँकेच्या विंडोज डोमेनमध्ये ठेवू नका. डोमेन अॅडमिनचा पासवर्ड हाती लागला की हल्लेखोर आधी बॅकअपच पुसतात. त्याचं लॉगिन वेगळं, दुहेरी पडताळणीचं असू द्या.

टेप एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, करणार असाल, आणि कराच, तर किल्ली कुठे आहे ते बघा. ती त्याच बॅकअप सर्व्हरवर असेल आणि तो सर्व्हरच गेला, तर कपाटभर टेप जवळ असून एक ओळ वाचता येणार नाही. कॅटलॉगचंही तेच : कुठल्या टेपवर काय आहे हे सांगणारा कॅटलॉग, तो परत उभा करायची फाइल आणि तिचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) हे सगळं बाहेर हवं. पासफ्रेज कागदावर लिहून, सीलबंद पाकिटात, दोन अधिकाऱ्यांच्या सहीने, दुसऱ्या शाखेच्या लॉकरमध्ये. तुम्ही बँकेची माणसं, दोन किल्ल्यांची शिस्त तुम्हाला कुणी शिकवायला नको.

आणि तुम्ही सांगलीत आहात. २०१९ चा कृष्णेचा पूर तुम्ही पाहिला आहे. टेपांचं कपाट तळमजल्यावर नको, आणि नदीकाठच्या शाखेत तर नकोच.

संचालकांनी वेळेबद्दल विचारलं तर त्यांच्यासमोर हिशोब मांडा. १० टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून परत आणायला, लाइन पूर्णवेळ भरून चालली तरी, नऊ दिवसांहून जास्त लागतात. १ जीबीपीएसवर जवळपास एक दिवस. क्लाउडमध्ये कॉपी आहे एवढं ऐकून समाधान मानू नका. ती शाखेचं काउंटर उघडायच्या आत परत येईल का, ते विचारा. व्यापारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचे जे २०२३ चे निर्देश आहेत, त्यांत महत्त्वाच्या यंत्रणांचं डीआर ड्रिल सहामाही आहे आणि त्यात किमान एक पूर्ण कामाचा दिवस, दिवसाच्या सुरुवातीपासून अखेरच्या हिशोबापर्यंत, डीआरवरून चालवून दाखवायचा असतो. हीच कसोटी तुम्हीही धरा. रविवारी दुपारी लॉगिन स्क्रीन आली की सह्या करून उठायचं, त्याला मी ड्रिल म्हणत नाही.

प्रश्न : ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आहे. वेगळा बॅकअप लागतो का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : लागतो. डिलीटेड फोल्डरमधूनही काढून टाकलेला मेल मुळातल्या सेटिंगप्रमाणे १४ दिवसच परत मिळतो, वाढवून ३०. शेअरपॉइंटचा रिसायकल बिन ९३ दिवसांचा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे मेल चार महिन्यांनी कोर्टकचेरीसाठी लागले तर काय कराल, एवढाच विचार करा.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत बॅकअप ऑपरेशन्सला एल-वन, म्हणजे पहिल्या फळीत, आहे, बहुतेक रात्रपाळी. फेल गेलेला जॉब रीरन करायचा (पुन्हा चालवायचा), टिकिट (तक्रारीची नोंद) बंद करायचं, सकाळी हँडओव्हर द्यायचा. घरचे म्हणतात, यात काही नाही, क्लाउड शीक. खरंच यात पुढे काही नाही का? आणि रात्री एकटा असताना रिस्टोअरचं टिकिट आलं की धडकी भरते, तेव्हा काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : क्लाउड शीकच, त्याला ना नाही. पण बॅकअप सोडून शिकायची गरज नाही. नेटबॅकअपवर पुण्यात वर्षानुवर्षं काम चालत आलंय आणि द्रुवा ही क्लाउड बॅकअपची कंपनी २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली. या कामाला तुझ्याच गावात घर आहे.

फक्त रीरनवर थांबू नकोस. स्टेटस कोड १९६ आला म्हणजे बॅकअप विंडो, म्हणजे बॅकअपसाठी राखलेली वेळ, संपली आणि जॉबला पाळीच मिळाली नाही. रीरन केलास की तो दिवसा चालेल आणि युजरला सर्व्हर संथ लागेल. त्याच्या आधी टेप ड्राइव्ह कुणी अडवून ठेवला होता, ते शोध. ५८ म्हणजे क्लायंटशी, म्हणजे ज्या सर्व्हरचा बॅकअप घ्यायचा त्याच्याशी, जोडणी होत नाही. दर शनिवारीच येत असेल तर शनिवारी त्या सर्व्हरवर काय होतं, ते विचार. ९६ म्हणजे नवी टेप मिळाली नाही. कोड, सर्व्हर, वार, खरं कारण, असं एका वहीत लिहीत जा.

आणि ज्याचा बॅकअप घेतोस, ते शीक. एक उदाहरण देते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा रविवारी फुल आणि रोज डिफरन्शियल, म्हणजे शेवटच्या फुलनंतर बदललेल्या डेटाचा बॅकअप, लागतो. बुधवारी डेव्हलपर टेस्टिंगसाठी स्वतःच एक फुल घेतो, ‘कॉपी ओन्ली’ (ही प्रत साखळीत मोजू नको असं सांगणारा पर्याय) न लावता, आणि काम झालं की फाइल पुसतो. त्यानंतरचे सगळे डिफरन्शियल त्या पुसलेल्या फुलवर आधारलेले असतात. तुझ्या कन्सोलवर गुरुवार, शुक्रवार, शनिवार तिन्ही यशस्वी. रिस्टोअरला मात्र एकही उपयोगाचा नाही. लॉग बॅकअप, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदींचे बॅकअप, असतील तर रविवारच्या फुलपासून ते लावत पुढे येता येतं. हे ज्याला रात्री दोन वाजता सुचतं, त्याला कंपनी सहज सोडत नाही.

आता रिस्टोअरचं टिकिट. घाई करणाऱ्याला आधी तीन गोष्टी विचार : नेमका पाथ कोणता, कोणत्या तारखेची कॉपी हवी, आणि तो डेटा कुणाच्या मालकीचा आहे. मालकाची मंजुरी टिकिटावर लेखी घे, फोनवर नको. मग रिस्टोअर मूळ जागेवर मारू नकोस, दुसऱ्या फोल्डरमध्ये काढ. मूळ जागी जे उरलंय त्यात आजचं काम असू शकतं, आणि ओव्हरराइट झालं की ते गेलं. त्याआधी तिथे जागा आहे का ते बघ. मोठा डेटाबेस असेल तर डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) झोपेतून उठव, संकोच करू नकोस. रॅन्समवेअरची शंका जरी आली तरी काहीही परत लावू नकोस. पहिलं काम म्हणजे एक्स्पायर होणाऱ्या इमेज (बॅकअपच्या कॉपी) थांबवणं, म्हणजे चांगली कॉपी मुदत संपून आपोआप पुसली जाणार नाही. ही पायरी तुमच्या रनबुकमध्ये (कामाच्या लेखी पायऱ्यांत) आहे का, ते उद्याच्या पाळीत बघ. नसेल तर लिहून काढ आणि लीडकडून मंजूर करून घे.