नाकातल्या नळीतून काढा देऊ का?

आयसीयूतल्या रुग्णाचं पोट आणि झाडपाल्याची औषधं, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतो.

कपाशीवर फवारणी करताना वडिलांना विषबाधा झाली. व्हेंटिलेटरवर आहेत, पोट नगाऱ्यासारखं फुगलंय. बेंबीला हिंग लावू का? नळीतून ओव्याचा काढा चालेल? (परभणी)

हिंग लावल्यानं अपाय नाही, फक्त सिस्टरना सांगून लावा. काढा मात्र नको. कारण वडिलांचं पोट वाताने फुगलेलं नसावं. अशा विषावर अ‍ॅट्रोपिन देतात. त्यानेच जीव वाचतो, पण तेच आतड्यांची हालचाल मंदावतं. डॉक्टर पोटावर स्टेथोस्कोप ठेवतात तो आतड्यांचा आवाज ऐकायला. आवाज बंद, अंग तापलेलं, रुग्ण बरळतोय, असं असेल तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय असं समजून मात्रा उतरवतात. झोपेची औषधं आणि रक्तातलं कमी झालेलं पोटॅशियम यांनीही आतडी सुस्तावतात. तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘पोटॅशियम किती आहे? अ‍ॅट्रोपिन कमी करता येईल का?’ थांबलेल्या पोटात वाटीभर काढा गेला तर तो उलटून फुप्फुसात उतरू शकतो. ओव्याचा गाळ नळीत अडकला तर नळी बदलावी लागते, ते वेगळंच.

सुंठीवर परदेशात संशोधन झालंय म्हणे. मग आपले डॉक्टर का देत नाहीत? (लातूर)

झालंय, आणि मला त्याचं मोल वाटतं. इराणमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना नळीतून आल्याचा अर्क देऊन पाहिला. सुरुवातीच्या दोन दिवसांत नळीतलं अन्न जास्त पचलं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. रुग्णही थोडेच होते. जपानमध्ये पोटाच्या ऑपरेशननंतर सुंठ, जिनसेंग आणि तिथली एक मिरी घातलेलं ‘दाइकेंचुतो’ डॉक्टर लिहून देतात. चीनमध्ये रेवाचिनी हे रेचक मूळ वापरतात. ही सगळी मोजून-मापून तयार केलेली औषधं आहेत. घरच्या सुंठपुडीत किती काय उतरलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि रुग्णाला रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतील तर रक्तस्रावाची तेवढी जोखीम मी घेणार नाही. डॉक्टरांशी हा विषय जरूर काढा. चोरून काही देऊ नका, माझी कळकळीची विनंती आहे. औषधाला गुण असतो म्हणूनच त्याचा हिशेब लागतो.

पाच दिवस शौचाला झालं नाही. इसबगोल की एरंडेल? (बीड)

दोन्ही नको. इसबगोल नळीतच फुगून बसतं, आणि एरंडेल उलटीतून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. नळीतून लॅक्टुलोज हे शौच मऊ करणारं सिरप सहज जातं. मात्र ते द्यायच्या आधी आतड्याला कुठे अडथळा नाही ना, हे डॉक्टरांनी पाहिलेलं हवं.

स्वादुपिंडाला सूज आहे, जुलाब लागलेत. घरचं ताक किंवा बेलाचा मुरांबा देऊ? (जालना)

घरी हेच बरं, आयसीयूत नाही. २००८ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या २९६ रुग्णांपैकी निम्म्यांना ‘चांगले जिवाणू’ दिले होते. त्यांच्यात शंभरात १६ दगावले, न दिलेल्यांत ६. तिथे ताक दिलं नव्हतं हे खरं, पण इतक्या नाजूक आतड्यात बाहेरचे जिवंत जिवाणू सोडायला माझं मन धजत नाही. जुलाब बहुतेकदा अँटिबायोटिकमुळे किंवा गोड सिरपमुळे असतात. शौचाची तपासणी करून घ्या.

नांदेडहून एका ताईंनी जोडप्रश्न विचारलाय. आई आयसीयूतून वॉर्डात आली, भूक नाही, वैद्यांनी हिंग्वाष्टक चूर्ण सुचवलंय. ताई, आईंना गिळताना ठसका लागत नसेल तर भाताच्या पहिल्या घासाला तुपाबरोबर चिमूटभर द्यायला माझी हरकत नाही. लवणभास्कर चूर्ण मात्र टाळा, त्यात तीन-चार प्रकारची मिठं असतात आणि आईंची किडनी अजून सावरतेय. गुळवेलही सध्या थांबवा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांत यकृताला सूज आल्याची नोंद केलीय. तुमच्याच गावात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. डिस्चार्ज कार्ड आणि क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट घेऊन तिथल्या वैद्यांना दाखवा, आणि त्यांची चिठ्ठी परत किडनीच्या डॉक्टरांना.