वाचक विचारतात : मनोरुग्णसेवेतल्या माणसांसाठी

अक्कलकोट तालुक्यातल्या उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. मानसिक आरोग्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रही मिळालं. पण सहा महिन्यांनंतरही रुग्ण समोर आला की काही सुचत नाही. तेच प्रशिक्षण पुन्हा मागावं का?

मागू नका, फारसं हाती लागणार नाही. तीन दिवसांत लक्षणं पाठ होतात, बोलायची सवय होत नाही. ‘मरण्याचे विचार येतात का?’ हा प्रश्न सगळ्यांच्या वहीत असतो आणि माणसासमोर बसल्यावर घशात अडकतो. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासण्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न हाच आहे, आणि न विचारताच शून्य टाकून पुढे जाण्याचा मोह इथेच सर्वांत जास्त होतो. विचारल्याने असे विचार डोक्यात भरत नाहीत, एवढं पक्कं ठेवा.

मागायचीच असेल तर नियमित केसचर्चा मागा. पंधरवड्यातून एकदा, एक तास, सहा ते आठ जण आणि मार्गदर्शक म्हणून मानसोपचारतज्ज्ञ किंवा अनुभवी मनोसामाजिक कार्यकर्ता. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे लेखी मागणी करा. सोलापूरला येणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलही चालतो.

त्या तासात चर्चेला दोनच रुग्ण घ्या. मांडणी पाच मिनिटांत संपवा आणि सुरुवात रुग्णाच्या इतिहासाने नव्हे, आपल्या अडचणीने करा : ‘मुलगा गोळी थुंकतो, आई ती भाजीत कालवून देते, मी तिला काय सांगू?’ अडचण आधी कळली की ऐकणारे नेमकं ते शोधत ऐकतात. पुढची दहा मिनिटं गटाने फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. हा नियम सर्वांत आधी मोडतो, म्हणून मार्गदर्शकाने तो निर्दयपणे पाळून घ्यावा. मग त्या आईशी करायचं बोलणं तिथेच करून बघायचं. एकजण आई होतो, दोन मिनिटं बोलून थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. तुमच्या भागात घरात कन्नड बोलतात, तर हा सराव कन्नडमध्येच करा. शेवटी वहीत एक ओळ लिहा, ‘पुढच्या भेटीत मी काय करणार’. पुढची बैठक त्या ओळीपासून सुरू होते.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. जो वरिष्ठ तुमच्या कामाचा शेरा लिहितो, तोच मार्गदर्शक झाला की आपली चूक कोणी उघड करत नाही. दुसरं म्हणजे बैठक रजिस्टर आणि उद्दिष्टांवर घसरते. आकड्यांची बैठक सरळ वेगळ्या दिवशी ठेवा. आणि रुग्णाचं नाव-गाव चर्चेत नको. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. केसपेपरचा फोटो व्हॉट्सअॅप गटात टाकणं म्हणजे त्याचा भंगच.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग कामगारांच्या कुटुंबांत काम करते. मला तेलुगू येत नाही. रुग्ण बाईंची दहावीतली मुलगी दुभाष्याचं काम करते. चालेल का?

नाही. आईला मरावंसं वाटतं का, वडील मारतात का, हे मुलीच्या तोंडून विचारायचं नसतं. आई तिच्यासमोर खरं सांगणार नाही, आणि सांगितलं तर ते ओझं मुलीवर पडेल. घराबाहेरची, शक्यतो दुसऱ्या गल्लीतली प्रौढ व्यक्ती घ्या. आशाताई किंवा परिचारिका असली तर उत्तम.

भेटीआधी पाच मिनिटं तिच्याशी ठरवून घ्या : ‘त्या म्हणतात’ नको, ‘मला’ असंच बोलायचं, सारांश करायचा नाही, बाहेर वाच्यता नाही. तुम्ही दोन-तीन छोटी वाक्यं बोलून थांबा आणि नजर रुग्णाकडे ठेवा. वेळ दुप्पट धरा. दुभाषी सद्भावनेने तुटकं बोलणं जोडून देते आणि विचारांचा विस्कळीतपणा, म्हणजे आजाराची मोठी खूणच, नाहीशी होते. ‘काहीतरी असंबद्ध बोलतायत’ असं ती म्हणाली, तर तेच शब्दशः सांगायला सांगा. भेटीनंतर तिलाही पाच मिनिटं द्या, कारण सगळं तिनेही ऐकलेलं असतं.

बार्शीत समुपदेशक आहे. २२ वर्षांची एक मुलगी वारंवार हातावर ब्लेड मारून घेते, रात्री मला फोन करते. मी उचलते. सहकारी म्हणतात, नाटक आहे, लक्ष देऊ नकोस.

‘नाटक’ हा शब्द आधी टीमच्या बोलण्यातून काढा. असह्य भावना उतरवण्याचा तो तिला सापडलेला मार्ग असू शकतो, आणि स्वतःला इजा केलेल्यांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो.

मात्र रात्रीचे फोन असे चालू ठेवू नका. आज तुम्ही उचलता, उद्या थकून उचलत नाही, आणि ही अनिश्चितता तिला जास्त जाचते. एकदम बंदही करू नका. दोन आठवडे आधी सांगा, मग आठवड्याची भेट आणि ठरलेल्या दिवशी दहा मिनिटांचा एक फोन, एवढंच ठेवा. रात्रीसाठी टेली-मानस, १४४१६. ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली; ती मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे. पहिला फोन तुमच्या खोलीतून तिला लावायला लावा. अनोळखी नंबर रात्री दोनला कोणी लावत नाही. जिवाला धोका असेल तर १०८.

सुरक्षा योजना तिच्याच शब्दांत एका पानावर लिहा : धोक्याच्या खुणा, एकटीने करता येणाऱ्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिकांचे नंबर आणि साधनं दूर ठेवणं. शेवटचा भाग बहुधा घाईत उरकला जातो. फवारणीचं औषध घरात आहे की शेतातल्या खोलीत, किती आहे, किल्ली कोणाकडे, हे विचाराच. गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच द्यायला डॉक्टरांना सांगा. ‘काही करणार नाही’ असं वचन लिहून घेऊ नका. त्याने संरक्षण मिळत नाही, उलट पुढच्या वेळी ती गप्प बसते.

आणि टीममध्ये एकजण माया करणारा, दुसरा दरडावणारा, असं चालू असेल तर आठवड्याला वीस मिनिटं एकत्र बसून तिला द्यायचं उत्तर एकच ठरवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारपद्धतीत उपचारकांची स्वतःची बैठक हा उपचाराचाच भाग मानला आहे.

आमच्या संस्थेतला एक रुग्ण आत्महत्येने गेला. कर्मचारी हादरले आहेत. सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करावं का?

सक्तीने नको. घटनेनंतर लगेच एकदा बसवून सगळं बोलायला लावल्याने पुढचा त्रास टळतो असं दिसलेलं नाही. काहींना तो वाढतोही. जागतिक आरोग्य संघटनाही ही पद्धत सुचवत नाही.

बातमी मोबाइलवर फिरण्याआधी त्या रुग्णाबरोबर काम केलेल्यांना समोर बसवून सांगा. एका वरिष्ठाने पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी, मग दोन आठवड्यांनी आणि महिन्याने त्यांची विचारपूस करावी. काही दिवस त्यांच्याकडे नवे अतिजोखमीचे रुग्ण देऊ नका, पण काम पूर्ण काढून घरीही बसवू नका. ती शिक्षा वाटते. महिन्यानंतरही झोप नसेल, तेच दृश्य डोळ्यांपुढे येत असेल, तर संस्थेबाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवा. चौकशी करणारा आणि आधार देणारा एकच माणूस नको. इतर रुग्णांनाही सांगा. त्यांच्यातल्या कोणाचा धोका वाढू शकतो. जुन्या नोंदींना हात लावू नका. राहिलेली नोंद आजची तारीख-वेळ टाकून करा.

मंगळवेढ्यात परिचारिका आहे. उन्हाळ्यातल्या गृहभेटींत औषधांबाबत काय पाहावं?

पहिलं लिथियम, म्हणजे बायपोलर आजारात मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध. पारा चाळिशीपार गेला की घामातून पाणी आणि मीठ जातं, मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं यांतलं काही दिसलं तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. एरवीची पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी तपासतात. विषबाधेची शंका असेल तर १२ तास थांबू नये. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं का, तेही विचारा. दोन्हींनी पातळी वाढते.

मनोविकाराच्या औषधांनी येणारा ताठरपणा कमी करायला देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो. शेतावर जाणाऱ्यांना उष्माघाताचा धोका त्यामुळे वाढतो.

क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर असताना ताप किंवा घसादुखी आली तर पांढऱ्या पेशींची तपासणी त्याच दिवशी. शौचाला कधी झालं, हे दर भेटीत विचारा. या औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. आणि बिडी : धुरामुळे हे औषध शरीरात लवकर विघटित होतं. वॉर्डात बिडी बंद झाली की पातळी चढते, घरी परत सुरू झाली की उतरते. तंबाखू खाण्याने असं होत नाही. म्हणून भरती होताना आणि घरी जाताना, दोन्ही वेळा केसपेपरवर दिवसाला किती बिड्या, ते लिहा.