वाचक विचारतात : रोटरी इंजिनाचे पोर्ट किती कोरावेत?

प्रश्न : माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा आरएक्स-७ आहे, इंजिन १२ए. इंजिन खोललंच आहे, तर इनटेक पोर्टही मोठे करून घ्यावेत असा विचार आहे. स्ट्रीट पोर्ट करावा की ब्रिज पोर्ट? आणि घरच्या डाय ग्राइंडरवर हे काम जमेल का?
– एक वाचक, ऑकलंड

उत्तर : गाडी रोज रस्त्यावर काढायची असेल तर स्ट्रीट पोर्ट, म्हणजे मूळ पोर्टच कडेने वाढवणं. घरी जमेल, पण ग्राइंडर हातात घेण्याआधी रेखणी (रेघ ओढायची टोकदार सळई) घ्या.

रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो, आणि तोच हवा आत घेणारी खिडकी (इनटेक पोर्ट) व धूर सोडणारी खिडकी (एक्झॉस्ट पोर्ट) उघडतो-मिटतो. १२एचा मूळ इनटेक पोर्ट टीडीसीनंतर (चेंबर सगळ्यात लहान असतं तो क्षण) ३२ अंशांवर उघडतो आणि बीडीसीनंतर (चेंबर सगळ्यात मोठं असतं तो क्षण) ४० अंशांवर मिटतो. एक्झॉस्ट मिटतो टीडीसीनंतर ३८ अंशांवर, म्हणजे दोन्ही पोर्ट एकदम उघडे राहतात (ओव्हरलॅप) ते जेमतेम ६ अंश. (हे अंश एक्सेंट्रिक शाफ्टचे, म्हणजे रोटर ज्यावर फिरतो त्या मुख्य दांड्याचे. रोटरीत एक स्ट्रोक १८० नव्हे, २७० अंशांचा असतो.) पोर्टची बाहेरची कड सरकवली की तो लवकर उघडतो, रोटर ज्या दिशेला जातो तिकडची कड वाढवली की उशिरा मिटतो. स्ट्रीट पोर्टमधली बरीचशी कमाई या उशिरा मिटण्याची. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, त्यामुळे बीडीसी उलटल्यावरही चेंबर भरत राहतं. खालच्या आरपीएमला मात्र तीच हवा उलटी मॅनिफोल्डमध्ये जाते. म्हणून मधल्या प्लेटमधले (दोन रोटरांमधलं सपाट झाकण) प्रायमरी पोर्ट बेताने वाढवा आणि जास्त कोरायचं ते टोकाच्या प्लेटांतले सेकंडरी.

कुठे थांबायचं हे सील ठरवतात. बाहेरच्या अंगाला कॉर्नर सीलला (रोटरच्या कोपऱ्यातलं गोल सील) टेकायला प्लेटची पट्टी शिल्लक हवी, नाहीतर सील पोर्टमध्ये कलंडतं आणि पुढचा खर्च नव्या रोटर हाउसिंगचा (रोटरभोवतीचं कवच). आतल्या अंगाला ऑइल रिंगचा मार्ग आहे. तो ओलांडला की तेल थेट इनटेकमध्ये, आणि सायलेन्सरमधून निळा धूर. मिटणाऱ्या कडेला साइड सील (रोटरच्या सपाट बाजूवरची पट्टी) आडवं येतं. पोर्टवरून जाताना ते किंचित बाहेर फुगतं. कड धारदार असेल तर तिथेच अडकून तुटतं. त्या कडेला सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा चॅम्फर (तिरपा उतार) द्या आणि ती सीलला समांतर ठेवू नका. सील कडेवरून कात्रीच्या पात्यासारखं तिरपं सरकलं पाहिजे.

आता काम. प्लेटा धुऊन सरळपट्टी आणि फीलर गेजने तपासा. ०.०४ मिमीहून जास्त वाक किंवा साइड सीलने पाडलेली ०.१० मिमीहून खोल पायरी असेल, तर त्या प्लेटवर मेहनत घेऊ नका. वापरलेल्या प्लेटवर सीलांच्या चकचकीत वाटा उमटलेल्या असतातच. तरी मार्किंग ब्लू (खुणा दाखवणारा निळा रंग) लावून रोटर, शाफ्ट, स्टेशनरी गिअर बसवा आणि हाताने फिरवून खात्री करा. मग पातळ पत्र्याचं टेंप्लेट कापा. ते डॉवेल पिनांच्या भोकांवरून बसवलंत तरच दोन्ही रोटरांचे पोर्ट सारखे निघतील. समोरासमोरच्या प्लेटांसाठी तेच उलटं करून वापरता येतं. रेघेच्या आत १ मिमीपर्यंत कार्बाइड बर चालवा, शेवटचं बारीक कानशीने. तेलाची भोकं आधी बुजवा आणि सीलिंगच्या पृष्ठभागावर जाड टेप लावा. एकदा बर घसरला की प्लेट गेली.

सगळ्यात जास्त नासधूस होते ती पोर्टच्या मागच्या पोकळीत. तिथल्या भिंतीपलीकडे पाणी खेळतं, त्यामुळे खोल खणायचं नाही. फक्त कोरलेली कड आतल्या मार्गाला वळणदार जुळवायची. इंजिन जोडण्याआधी वॉटर जॅकेट दाबाखाली तपासा. आरशासारखं पॉलिश करण्यात वेळ घालवू नका. कार्ब्युरेटर गाडीत थोडा खरखरीतपणाच बरा, पेट्रोल भिंतीवर ओघळत नाही.

ब्रिज पोर्टमध्ये मूळ पोर्टच्या बाहेर भुवईसारखी दुसरी फट कोरतात आणि मधला पूल कॉर्नर सीलला आधार देतो. ओव्हरलॅप इतका वाढतो की आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) उंच ठेवावं लागतं, कमी वेगात गाडी धक्के मारते आणि पेट्रोल पाण्यासारखं जातं. ट्रॅकवर ते चालतं, सिग्नलवर नाही.

कोणताही पोर्ट केलात तरी कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) बदलावे लागतील. मिश्रण पातळ राहिलं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) की डिटोनेशन होतं, म्हणजे ते स्फोटासारखं पेटतं, आणि पहिला बळी एपेक्स सीलचा (रोटरच्या टोकावरची पट्टी).

प्रश्न : माझ्या १९८७च्या बिनटर्बो आरएक्स-७मध्ये सहा पोर्टांचं १३बी आहे. मोकळा एक्झॉस्ट बसवल्यापासून वरच्या आरपीएमला दम उरत नाही. जादा पोर्टांच्या स्लीव्ह काढून टाकू का?
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर : काढू नका. १९८६ ते ८८च्या गाड्यांत या स्लीव्ह (पाचवा-सहावा पोर्ट उघडणाऱ्या-झाकणाऱ्या फिरत्या नळ्या) एक्झॉस्टच्या मागच्या दाबावर फिरतात. तुम्ही दाबच घालवलात, म्हणून पाचवा-सहावा पोर्ट उघडत नाही. (१९८९पासून हे काम एअर पंपाच्या हवेवर होतं, तिथे लोक पंप काढतात आणि हीच तक्रार घेऊन येतात.) स्लीव्ह काढल्या तर सगळ्यात उशिरा मिटणारे पोर्ट कायमचे उघडे राहतील आणि खालचा टॉर्क जाईल. त्यापेक्षा छोटा विजेवरचा हवेचा पंप आणि आरपीएम स्विच लावून स्लीव्ह फिरवणारा अ‍ॅक्च्युएटर चालवा. आधी स्लीव्ह हाताने फिरवून पाहा. काजळीने जाम झालेल्या असतात.

प्रश्न : १९९१ साली ल मां जिंकणाऱ्या माझदा ७८७बीमध्ये पेरिफेरल पोर्ट होते. मग रस्त्यावरच्या गाडीत ते का नसतात? टू-स्ट्रोकमध्ये तर पोर्ट सिलिंडरच्या भिंतीतच असतो.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुलना योग्य आहे. पेरिफेरल पोर्ट रोटर हाउसिंगमध्ये असतो, एपेक्स सील त्यावरून जातं, कॉर्नर सीलचा प्रश्नच उरत नाही आणि हवेला वळण कमी. पण ओव्हरलॅप प्रचंड, त्यामुळे मंद वेगात जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो. ७८७बीच्या चार रोटरांच्या आर२६बी इंजिनाला चालता चालता लांबी बदलणारे इनटेक पाइप दिले होते, ते याच इंजिनाचा टॉर्क जास्त आरपीएम-पट्ट्यात पसरवायला. टू-स्ट्रोकचा एक धडा मात्र इथेही तसाच लागू पडतो : पोर्टच्या धारदार कडा घासून बोथट केल्याशिवाय त्यांवरून पिस्टनची रिंग जाऊ देऊ नये, तसंच इथे एपेक्स सील.