रात्री गाडी कुठे उभी असते, तिथून सुरुवात करा

तुम्ही खरं तर दोन प्रश्न विचारले आहेत. इलेक्ट्रिक गाड्या रोजच्या वापरातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना खरंच हटवणार का, हा एक. आणि रोजचं ४० किलोमीटर जाणं-येणं, वर्षातून चार-पाच लांबचे प्रवास असं असताना पुढची गाडी कोणती घ्यावी, हा दुसरा. तुमचे मित्र म्हणतात की हे वारं आहे, ओसरेल.

मी सहा वर्षं इलेक्ट्रिक चालवतेय, ९० हजार किलोमीटर झाले. त्याआधी पंधरा-सोळा वर्षं पेट्रोल आणि डिझेल दोन्ही चालवल्या. माझ्या मते रोजच्या वापरातून हटवणार, नक्की हटवणार. किती लवकर, हे मात्र बॅटरीवर कमी आणि एका साध्या गोष्टीवर जास्त अवलंबून आहे: रात्री गाडी जिथे उभी असते, तिथे हाताशी प्लग आहे का?

नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो, एका चार्जमध्ये किती जाते? रोजच्या वापरासाठी हा प्रश्न फारसा कामाचा नाही. मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट वीज खाते. तुमच्या ४० किलोमीटरला झाली ६ युनिट. तेवढी वीज साध्या १६ अँपिअरच्या प्लगवरून दोन-तीन तासांत भरते, तीही तुम्ही झोपेत असताना. पेट्रोलच्या गाडीची सवय अशी की टाकी रिकामी होत आली की वाट वाकडी करून भरायची. इथे रात्री दाराला कडी घालतो तसा गाडीला प्लग लावायचा आणि विसरायचं. पहिल्या महिन्यात मीसुद्धा टक्केवारीकडे डोळे लावून बसायचे. दुसऱ्या महिन्यात ते आपोआप सुटलं.

वीज इतकी कमी का लागते, ते समजून घ्या, कारण सगळं गणित तिथेच फिरतं. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिटइतकी ऊर्जा असते. १०० किलोमीटरला ६ लिटर धरलं तर ५४ युनिट झाली. तेच काम इलेक्ट्रिक गाडी १५ युनिटांत करते. बाकीची ऊर्जा गेली कुठे? रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून, तापलेल्या ब्रेकमधून, सिग्नलला नुसत्या घुरघुरणाऱ्या इंजिनातून. पेट्रोलचं इंजिन इंधनातली जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा ऊर्जा चाकांपर्यंत पोचवतं, आणि थांबत-थांबत चालवताना त्याहूनही कमी. इलेक्ट्रिक मोटर नेमक्या ह्याच थांब-चल रहदारीत रंगात येते. ऍक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनरेटर होते आणि वेग परत बॅटरीत जमा होतो. माझ्या गाडीचे ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत. टायर मात्र लवकर झिजले. बॅटरीमुळे गाडी वजनाने जड असते आणि मोटरचा जोर जागच्या जागी मिळतो, त्याची किंमत टायर मोजतात.

आता तुमच्या मित्रांच्या ‘वाऱ्या’बद्दल. इतिहास त्यांच्या बाजूने आहे, पण अर्धाच. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडणारी मोटार इलेक्ट्रिक होती, कामिल जेनात्झी या बेल्जियन चालकाची. १९०० च्या सुमारास अमेरिकेत वाफेच्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावत होत्या. विजेची गाडी शांत होती, सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागत नव्हतं, धूर नव्हता. तरी ती हरली. शिशाची बॅटरी वजनदार आणि अंगात दम कमी, उलट पेट्रोल स्वस्त होत गेलं. १९१२ मध्ये कॅडिलॅकने सेल्फ-स्टार्टर आणला आणि हँडल मारण्याची पेट्रोलची मोठी कटकटही संपली.

म्हणजे तेव्हा घोडं अडलं ते बॅटरीपाशी. आज नेमकी तीच गोष्ट बदलली आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, तीही कॅमेऱ्यासारख्या छोट्या उपकरणांसाठी. २०१० मध्ये गाडीच्या बॅटरीला एका युनिटच्या क्षमतेमागे हजार डॉलरहून जास्त पडत होते. २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरच्या आसपास. ज्या कारणाने शंभर वर्षांपूर्वी हार झाली ते कारणच इतकं आकसल्यावर, जुना निकाल पुन्हा लागेल असं मला वाटत नाही.

पण ‘विकल्या जाणाऱ्या गाड्या’ आणि ‘रस्त्यावरच्या गाड्या’ यांची गल्लत करू नका. नॉर्वे बघा. थंडीचा देश, १९९० च्या दशकापासून सरकारने करात सवलती दिल्या, आणि २०२४ मध्ये तिथल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. तरीही रस्त्यावरच्या एकूण गाड्यांमध्ये त्यांचा वाटा तेव्हा पाव हिश्शाच्या थोडा वर होता. रस्त्यावरच्या एकूण नोंदणीकृत गाड्यांत इलेक्ट्रिकने पेट्रोलला मागे टाकलं ते सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि डिझेल तेव्हाही पुढेच होतं. जगभरात त्या वर्षी १ कोटी ७० लाखांहून जास्त इलेक्ट्रिक गाड्या खपल्या, प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लगवर चार्ज होणाऱ्या पण इंजिनही असलेल्या गाड्या, धरून. म्हणजे नव्या पाचातली एक. गाडी बारा-पंधरा वर्षं सहज चालते. तेव्हा उद्यापासून सगळ्यांनी इलेक्ट्रिकच घ्यायची ठरवली तरी जुन्या गाड्या रस्त्यावरून जायला दीड-दोन दशकं लागतील. हटवणं होईल ते असं हळूहळू, प्रत्येक जुनी गाडी भंगारात जाताना.

आता जे मला मनापासून खुपतं ते. ज्याच्याकडे स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचा मीटर आहे, तो घरच्या दराने चार्ज करतो. ज्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते, त्याला सार्वजनिक चार्जरवर युनिटमागे बहुतेक ठिकाणी बरेच जास्त पैसे पडतात, वर स्वतःचा वेळ घालावा लागतो. तीच गाडी, तेच अंतर, आणि भुर्दंड नेमका कमी ऐपतीच्या माणसाला.

हे मी ऐकीव सांगत नाही. मधली दोन वर्षं आम्ही अशा भाड्याच्या घरात होतो जिथे पार्किंगमध्ये प्लग नव्हता आणि बसवायला मालकांची परवानगी मिळाली नाही. दर गुरुवारी रात्री जेवणं झाली की मी गाडी घेऊन चार्जरवर जायचे. तिथे दोन मशीन, त्यातलं एक बहुधा बंद. मुलगी मागच्या सीटवर शाल पांघरून झोपलेली, आणि मी स्क्रीनवरचे आकडे बघत बसलेली. ६० टक्क्यांपर्यंत भराभर चढायचे, ८० नंतर मुंगीच्या पावलांनी. बॅटरी भरत आली की ती जपण्यासाठी गाडीच करंट कमी करते. मागे कोणी थांबलं असेल तर ८० ला उठायचं, हा शिष्टाचार मी तिथे शिकले. गाडी तीच होती, पण त्या दोन वर्षांत मी कुणालाही इलेक्ट्रिक घे असं सांगितलं नाही. वेगवान चार्जर महामार्गावर हवेतच, पण रोजच्या वापराचा प्रश्न सोडवतील ते घरांच्या आणि ऑफिसच्या पार्किंगमधले साधे, संथ प्लग. गाडी तिथे आठ तास नुसती उभीच असते. धोरण ठरवणाऱ्यांनी नव्या इमारतीत वायरिंग सक्तीचं केलं आणि जुन्या इमारतीत भाडेकरूला प्लग मागण्याचा हक्क दिला, तर बाकीचं लोक आपणहून करतील.

बिघाडाबद्दलही सांगते. मला सहा वर्षांत एकदाच गाडीने दगा दिला, आणि तो मोठ्या बॅटरीने नव्हे. एका सकाळी गाडी अगदी मृत, रिमोटला दाद नाही, दार उघडेना. किल्लीच्या पोटातली लोखंडी चावी काढून दार उघडलं. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, दिवे, कुलपं आणि कॉम्प्युटर तिच्यावर चालतात. ती संपली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. शेजाऱ्यांच्या पेट्रोल गाडीवरून केबल लावली, तेव्हा स्क्रीन उजळली आणि त्यावर ७२ टक्के दिसले. ही छोटी बॅटरी तीन-चार वर्षांनी आपणहून बदलून टाका, वाट बघू नका.

तुमच्यासाठी सांगायचं तर, चार-पाच लांबच्या प्रवासांसाठी अवाढव्य बॅटरीचे पैसे घालू नका. कडाक्याची थंडी असेल तर रेंज पाव हिश्श्याने, कधी जास्तही घटते, ते धरूनही मध्यम बॅटरी पुरते. दोन-अडीच तासांनी तुम्हाला तसंही पाय मोकळे करायला उतरावं लागतं. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम बॅटरीचाच एक प्रकार) असेल तर बिनधास्त १०० टक्के भरा, दुसऱ्या प्रकारची असेल तर रोज ८० वर थांबा. पण रात्री प्लग मिळणारच नसेल, तर सध्याची गाडी नीट चालतेय तोवर चालवा, नाहीतर प्लगची गरज नसलेली साधी हायब्रिड बघा. वापर कमी असेल तर धुराच्या हिशोबातही घाई नको. बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषण भरून निघायला हजारो किलोमीटर चालवावे लागतात.

शोरूममध्ये जायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून पार्किंगमधल्या प्लगचं अर्थिंग आणि वायरची जाडी तपासून घ्या. मग त्याच प्लगवर दोन किलोवॅटचा हीटर दोन तास चालवा आणि बंद केल्यावर प्लगच्या बाहेरून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर गाडीच्या आधी वायरिंग बदला.