रेडिंगचा माळा, वाकडचा फ्लॅट आणि आई-बाबांची खोली

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी आधी ते थोडक्यात मांडते. तुम्ही दोघं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहता. १९३०च्या दशकातलं तीन बेडरूमचं, एका बाजूने शेजाऱ्यांना चिकटलेलं घर आहे. तिसरी खोली म्हणजे बॉक्स रूम, तिथे यजमानांचं ऑफिस. अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा एका खोलीत झोपतात. सासू-सासरे दर वर्षी पाच-सहा महिने येतात, तेव्हा दिवाणखान्यात सोफा-कम-बेड उघडला जातो. म्हणून माळ्यावर, म्हणजे लॉफ्टमध्ये, बाथरूमसकट एक खोली काढायची आणि ती आई-बाबांना द्यायची असं ठरतंय. बिल्डरने ५८,००० पौंडांचं कोटेशन दिलंय. शिल्लक ५२,००० पौंड आहेत. प्रश्न असा, की पुण्यातला वाकडचा फ्लॅट विकून हे करावं, कर्ज काढून करावं, की सरळ मोठं घर घ्यावं?

आधी पैशांचं नाही, पायऱ्यांचं बोलते. आमच्याही घरी माळ्यावरची खोली सासूबाईंसाठीच काढली होती. पहिल्याच सकाळी त्या सहाला चहासाठी उतरल्या आणि वरून तिसऱ्या पायरीवर बसून राहिल्या. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात निऱ्या धरलेल्या, आणि मला हाकही मारली नव्हती. लॉफ्टचा जिना नियमात बसवूनही उभाच होतो. चढ ४२ अंशांपर्यंत चालतो, पायरीची उंची २२ सेंटिमीटरपर्यंत असू शकते, आणि डोक्यावरची जागा नेहमीच्या २ मीटरऐवजी मध्यभागी १.९ आणि कडेला १.८ मीटर असली तरी परवानगी मिळते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने रात्री दोनदा उठून असा जिना उतरणं हे मला मान्य नाही. तुम्ही लिहिलंय की आईंच्या गुडघ्याला आधीच पट्टा आहे. तेव्हा खोली कराच, पण वर तुम्ही दोघं झोपा. आई-बाबांना पहिल्या मजल्यावरची तुमची आत्ताची खोली द्या, बाथरूमच्या शेजारची. ते सातारला असतील तेव्हा तीच मुलीची. खर्चाचं पुढचं सगळं गणित मी असं धरूनच केलंय.

आता ते ५८,०००. तुम्ही पाठवलेल्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात 'प्लस व्हॅट' आहे. इथे राहत्या घराच्या अशा वाढीव कामावर २० टक्के व्हॅट लागतो आणि वर्षाला ९०,००० पौंडांवर उलाढाल असलेल्या बिल्डरला तो घ्यावाच लागतो. म्हणजे आकडा झाला ६९,६००. त्यात नकाशे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं गणित धरलेलं नाही, तिथे मी ३,००० मांडते. बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे काम बांधकामाच्या नियमांत बसतं का ते तपासणाऱ्यांची, फी १,०००, बाथरूमची भांडी, नळ आणि टाइल्स ४,५००, कार्पेट-रंग-कपाटं २,०००. शिवाय एक गोष्ट तुमच्या बिल्डरने पाहिलेलीच नाही असं मला वाटतं. २०२० मध्ये तुम्ही हॉल आणि दिवाणखान्यामधली भिंत पाडलीत. त्यामुळे जिना आता थेट दिवाणखान्यात उतरतो.

दुमजली घर तीनमजली झालं की आगीचे नियम बदलतात. माळ्यापासून घराच्या मुख्य दारापर्यंत धुरापासून सुरक्षित असा बंदिस्त रस्ता लागतो, त्या रस्त्यावर उघडणाऱ्या खोल्यांना आग थोपवणारी दारं लागतात आणि प्रत्येक मजल्यावर विजेवर चालणारे, एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म लागतात. तुमच्याकडे जिना खोलीतच उतरत असल्यामुळे एक तर ती भिंत परत उभी करावी लागेल, नाहीतर पाण्याच्या फवाऱ्याची यंत्रणा वगैरे दुसरा उपाय बिल्डिंग कंट्रोलला मान्य करून घ्यावा लागेल. भिंत आणि दारं मिळून मी २,००० पौंड धरते. हौसेने मोकळं केलेलं घर पुन्हा बंद करायला जिवावर येतं, मला कळतं. पण वर आपणच झोपणार आहोत आणि खाली स्वयंपाकघर आहे. सगळ्याची बेरीज ८२,१००. अडीअडचणीला ६,००० ठेवले की ८८,००० पौंड. हाच आकडा मनात पक्का करा. ५८,००० विसरून जा.

छपराबद्दल एक दिलासा आहे. तुमच्या काळातल्या घरांची छपरं साध्या वाशांची असतात. साठच्या दशकानंतर तयार ट्रस, म्हणजे लाकडी कैच्या, आले, इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराचे, आणि ते काढायचे तर खर्च बराच वाढतो. मात्र १९३०च्या जोडघरांचं छप्पर बाजूनेही उतरतं, म्हणून जिन्याला जागा मिळावी यासाठी ती उतरती बाजू सरळ भिंतीत वर न्यावी लागते आणि मागे डॉर्मर, म्हणजे छपरातून बाहेर काढलेला उभ्या खिडकीचा भाग, काढावा लागतो. जोडघराला प्लॅनिंगच्या परवानगीशिवाय ५० घनमीटरपर्यंत वाढ करता येते, आणि या दोन्ही गोष्टी त्यातूनच जातात. आधीच्या मालकाने छपरात काही वाढवलं असेल तर तेही त्यातच धरलं जातं. डॉर्मर रस्त्याच्या बाजूला चालत नाही. परवानगी लागत नसली तरी कौन्सिलकडून तसं कायदेशीर प्रमाणपत्र घ्या, पुढे घर विकताना समोरचा वकील पहिल्यांदा तेच मागतो.

यजमानांनी आढ्यापर्यंत उंची मोजली ती २.२५ मीटर आली. ही काठावरची उंची आहे. साधारण २.२ मीटर लागतेच, आणि नव्या तुळया, जमीन व छपरातलं इन्सुलेशन मिळून त्यातले २५-३० सेंटिमीटर जातात. यजमानांची उंची तुम्ही सहा फूट लिहिलीय. मागच्या डॉर्मरखाली ते सरळ उभे राहतील, पुढच्या उताराखाली नाही. तेव्हा पलंग पुढे, वावर मागे. आणि बाथरूम आत्ताच्या बाथरूमच्या बरोबर वर घ्या, मैल्याचा पाइप तिथूनच वर नेता येतो. नकाशात ते दुसऱ्या टोकाला काढलंय, ते बदलून घ्या. दुसरं बाथरूम नको असं मी बऱ्याच जणांना सांगते, पण सहा माणसं आणि एक बाथरूम असलेल्या घराला नाही सांगणार.

आता मोठं घर. तुमचं घर ४,६०,००० ला जाईल आणि चार बेडरूमचं ५,९०,००० ला मिळेल असं धरलं, तर नव्या घरावर स्टॅम्प ड्युटी १९,५०० पौंड. एजंट व्हॅटसकट साडेसहा हजार घेईल, दोन्ही व्यवहारांचे वकील, सर्व्हे आणि सामानाची गाडी मिळून आणखी पाच-सहा हजार. म्हणजे ३१-३२ हजार पौंड नुसते हलण्यात गेले, वर १,३०,००० ची तफावत भरायची ती वेगळीच. माळ्यामुळे घराची किंमत ६५,००० ने वाढेल असं तुमचा एजंट म्हणतो. मी त्या आकड्यावर विसंबणार नाही, लँड रजिस्ट्रीत तुमच्याच रस्त्यावरचे विक्रीचे भाव बघा, ते सगळ्यांना खुले आहेत. पण त्याचं खरं मानलं तरी ८८,००० घालून ६५,००० परत मिळतात, २३,००० पौंड राहण्याच्या सुखाचे. धाकट्याची शाळा संपेपर्यंत, म्हणजे आणखी अकरा-बारा वर्षं इथेच राहणार असं तुम्ही लिहिलंय. त्या हिशेबाने वर्षाला दोन हजार. मला हे पटतं. तीन वर्षांत नोकरीसाठी हलायचं असतं तर मी सरळ नको म्हटलं असतं.

कर्जाचं गणित मात्र नीट बघा, कारण यात दोन वाढी एकात मिसळल्या आहेत. तुमचं २,३५,००० चं मॉर्गेज, म्हणजे घराचं कर्ज, १.९ टक्क्यांवर आहे, २२ वर्षं बाकी, हप्ता १,०९० च्या आसपास. फेब्रुवारीत त्या दराचा करार संपतोय. नवा दर साडेचार टक्के धरला तर माळ्याला हातही न लावता हप्ता १,४०४ होतो. शिल्लकेतले ३०,००० घातले आणि ५८,००० कर्जात वाढवले, तर १,७५० होतो. म्हणजे ६६० ची वाढ दिसते, त्यातली ३१४ टळणारी नाही आणि माळ्याची खरी ३४६ आहे. दर महिन्याला तुम्ही ९०० मागे टाकता, त्यातले २४० उरतील. ओढाताण होईल, पण निभेल. घराच्या किमतीच्या ६४ टक्के कर्ज होतं, त्यात बँकेला अडचण वाटू नये. उरलेल्या २२,००० ला मात्र हात लावायचा नाही. ते चार-साडेचार महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे आहेत आणि त्यापेक्षा कमी मी तुम्हाला ठेवू देणार नाही.

फेब्रुवारीच्या आत बँक बदललीत तर मुदतपूर्व फेडीचा दंड बसेल. नवा दर तीन ते सहा महिने आधी बांधून ठेवता येतो, तेव्हा जास्तीचं कर्ज त्याच अर्जात मागा.

राहिला वाकडचा फ्लॅट. २०१२ मध्ये दोघांच्या नावावर ३८ लाखांना घेतला, आज ८२ लाख येतील, भाडं महिना २४,०००. रुपयांत दुपटीहून जास्त वाटतो. पौंडांत बघा: तेव्हा पौंड ८५ च्या आसपास होता, आता १२० धरला, तर ४४,७०० चे ६८,३०० झाले. चौदा वर्षांत वर्षाला जेमतेम तीन टक्के, आणि भाडं ३.५ टक्के, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि कर जायचे. विकलात तर भारतात ४४ लाखांच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि सेस मिळून ५.७२ लाख कर. पण तुम्ही अनिवासी असल्यामुळे व्यवहारात खरेदीदार पूर्ण किमतीवर टीडीएस कापतो, साडेदहा लाखांच्या वर. तो अडकू नये म्हणून विक्रीआधी आयकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र काढावं लागतं. हा नफा इथल्या रिटर्नमध्येही दाखवायचा, तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यामुळे इथे वेगळं फारसं उरू नये. आणि हो, ते २४,००० भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवताय ना? पत्रात त्याचा उल्लेख नाही. नसेल दाखवत तर माळ्याच्या आधी ते करा.

बाबा म्हणतात पुण्यातली जागा विकू नका. त्यांच्या पिढीने एकेक वीट जोडली आहे, त्या बोलण्याला वजन आहे. पण त्यांना एवढं विचारा, की आपण परत आलो तर वाकडला राहू की सातारला? तुम्ही दोघं आयुष्यात कधीच त्या फ्लॅटमध्ये राहणार नसाल, तर तो विकायला माझी हरकत नाही, फक्त माळ्यासाठी घाईने नको. गरजवंताला भाव मिळत नाही, आणि बिल्डरचा हप्ता थांबत नाही. कर्जावर काम करून घ्या, फ्लॅट सावकाश विका, मग दर वर्षी कर्जाच्या १० टक्क्यांपर्यंत जादा भरणा बहुतेक करारांत दंडाशिवाय चालतो, तसा भरत जा.

काम सुरू होण्याआधी विमा कंपनीला कळवा. बिल्डरला पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचा मोठा टप्पा बिल्डिंग कंट्रोलचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच. आमच्या वेळी ते मी केलं नाही, आणि प्रमाणपत्रासाठी सात महिने फोन करत बसले. ते नसेल तर विकताना ती खोली बेडरूम म्हणून धरली जात नाही.

शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीत लोखंडी तुळया बसणार, म्हणून १९९६च्या पार्टी वॉल कायद्याखाली दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. त्यांनी १४ दिवसांत लेखी संमती दिली तर काम सोपं. उत्तरच आलं नाही तर ती हरकत मानतात, सर्व्हेअर नेमावा लागतो आणि दोन्हीकडची फी बहुधा तुमच्यावर येते, आणि ती मी वर धरलेली नाही. नोटीस पोस्टात टाकण्याआधी दोघं जाऊन बसा, नकाशा दाखवा, आवाज किती आठवडे होईल ते खरं सांगा.

नकाशे आता, नोटीस डिसेंबरात, नवं मॉर्गेज फेब्रुवारीत, काम मार्चमध्ये. दहा-बारा आठवडे लागतात, आणि शेवटी जिन्यासाठी छत फोडतात तेव्हा धूळ घरभर होते. आई-बाबांची तिकिटं मेची काढली नसतील तर जुलैची काढा.