शस्त्रं टाकली, मग फोटो कशाला?

प्रश्न : बाई, मी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडण्यासाठी लढणाऱ्या आयआरए या संघटनेने २००५ मध्ये सशस्त्र लढा संपवला, तेव्हा ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी स्वागत केलं आणि तिथल्या ब्रिटननिष्ठ प्रॉटेस्टंटांचे पुढारी इयन पेस्ली यांनी शंका घेतली. आमच्या गटात सगळ्यांचं मत एकच, पेस्लींना शांतता नकोच होती. तुम्हाला काय वाटतं?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मला हे पटत नाही. २८ जुलै २००५. आयआरएचा एक माणूस, चेहरा न झाकता, कॅमेऱ्यासमोर निवेदन वाचतो : आज दुपारी चारपासून सशस्त्र मोहीम बंद, सगळ्या तुकड्यांनी शस्त्रं टाकावीत. आता उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्टमधल्या ज्या प्रॉटेस्टंट घरातला पोलिसातला मुलगा आयआरएच्या गोळीने गेला, तिथे बसून हे ऐक. सातच महिन्यांपूर्वी शहरातल्या एका बँकेवर अडीच कोटी पौंडांहून मोठा दरोडा पडलेला. पोलिसांचा रोख आयआरएवर, आयआरए कानावर हात ठेवून. अशा घराची मतं मागणारा पुढारी पुरावा मागणारच. त्यात मला गैर दिसत नाही.

पेस्ली चुकले ते वेगळ्याच ठिकाणी. नोव्हेंबर २००४ मध्ये बॅलिमीनाच्या भाषणात ते म्हणाले, आयआरएने अंगाला राख फासून, गोणपाट नेसून जाहीर प्रायश्चित्त घ्यावं. त्यानंतर शस्त्रं नष्ट करतानाच्या फोटोची मागणी समोरच्यांना नाक घासायला लावण्यासारखीच वाटली. डिसेंबरात एकत्र सरकारसाठीच्या वाटाघाटी फिसकटल्या, त्यात हा फोटोच मोठा अडसर होता.

फोटो शेवटपर्यंत निघाला नाही. सप्टेंबर २००५ मध्ये कॅनडाचे जनरल द शास्तलां यांच्या, शस्त्रं नष्ट करण्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने शस्त्रं नष्ट झाल्याचं जाहीर केलं. साक्षीला एक कॅथलिक आणि एक मेथडिस्ट धर्मगुरू होते. पेस्लींचं तरीही समाधान झालं नाही. पुढे जानेवारी २००७ मध्ये आयआरएशी जोडलेल्या शिन फेन या पक्षाने पोलिस यंत्रणेला मान्यता दिली, आणि माझ्या मते कुठल्याही फोटोपेक्षा तो पुरावा भक्कम होता. ८ मे रोजी पेस्ली आणि एकेकाळचे आयआरएचे कमांडर मार्टिन मॅकगिनेस यांनी उत्तर आयर्लंडमध्ये एकत्र सरकार स्थापन केलं. शांतता नकोच असलेला माणूस त्या खुर्चीत बसला नसता.

आणि हो, टिपणात दुसरी बाजूही घे. यूव्हीएफ या ब्रिटननिष्ठ सशस्त्र गटाची शस्त्रं नष्ट व्हायला २००९ उजाडलं. अभ्यासिकेतल्या चर्चेत हे नाव सहसा निघतच नाही.